गाडी थांबल्याशिवाय पहिला गियर नाही

१९९८ च्या सुमारास सोलापुरात, होटगी रस्त्यावर, एका जुन्या प्रीमियर पद्मिनीवर मी मोटार चालवायला शिकलो. शिकवणारे काका आयुष्यभर ट्रक चालवून थकलेले गृहस्थ होते. त्यांनी पहिल्याच दिवशी तीन नियम सांगितले. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गियर टाकायचा नाही. गियर खाली आणताना डबल क्लच मारायचा. घाट ज्या गियरमध्ये चढलास त्याच गियरमध्ये उतरायचा. यांखेरीज चौथी एक गोष्ट ते सांगत नसत, पण करत असत. लांब, सरळ उतार लागला की गियर काढून गाडी न्यूट्रलमध्ये सोडून देत. “तेवढंच पेट्रोल वाचतं,” म्हणत.

पहिल्या नियमाचे कारण मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “गाडी बोलती की. खरखरतंय, ते ऐकू येत न्हाई व्हय?” खरखर ऐकू येत होती, पण ती का होते हे कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. मधल्या काळात गाड्या बदलल्या. आज मी चालवतो त्या गाडीत पहिला गियर हलत्या गाडीत, हळू वेगाला, सहज पडतो. तरीही सिग्नलजवळ गाडी मंदावली की माझा हात गियरच्या दांड्यावर थबकतो. यंत्र गेले, पण यंत्राने लावलेली सवय उरली.

ही सवय आली कुठून, याचा शोध घेतला तर जर्मनी, फ्रान्स, अमेरिका आणि कुर्ला असा प्रवास करून आपण पुन्हा सोलापुरात येतो. काकांच्या चार गोष्टींचे पुढे काय झाले, हेही त्या ओघात पाहू.

गियर मुळात कशासाठी?

आगगाडीच्या वाफेच्या इंजिनाला गियरबॉक्स नसे. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची छोटी इंजिनेही याला अपवाद नव्हती. बॉयलरमध्ये वाफ तयार असली की इंजिन जागेवर उभे असतानाही ती दट्ट्यावर पूर्ण जोराने दाब देऊ शकते. त्यामुळे शून्य वेगापासूनच ओढ मिळते.

पेट्रोल इंजिनाचे तसे नाही. ते फिरत असेल तरच पुढचा स्फोट होतो. मिनिटाला पाचसहाशे फेऱ्यांच्या खाली ते आचके देऊन बंद पडते. चांगला जोर मिळवायचा तर त्याला मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घ्यावे लागतात. उलट गाडीची चाके शून्यापासून सुरुवात करतात. म्हणजे दोन अडचणी आहेत. फिरते इंजिन उभ्या चाकांना जोडायचे कसे, ही पहिली. इंजिनाचे फेरे एका मर्यादेत ठेवून चाकांना कमी-अधिक वेग आणि जोर द्यायचा कसा, ही दुसरी. पहिलीचे उत्तर क्लच, म्हणजे घर्षणाने हळूहळू एकमेकींना धरणाऱ्या तबकड्या. दुसरीचे उत्तर गियर, म्हणजे कमी-जास्त दात असलेल्या दंतचक्रांच्या जोड्या.

ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल बेंझ यांची पत्नी बेर्था बेंझ दोन मुलांना घेऊन नवऱ्याच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला गेली. हा प्रवास सुमारे शंभर किलोमीटरचा होता आणि मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्यात दोन्ही अडचणी उघड झाल्या. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली. उतारावर ब्रेक झिजले आणि वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडे लावून घ्यावे लागले. चढासाठी आणखी एक खालचा गियर हवा, हा धडा त्या प्रवासाने दिला. उतारावर ब्रेक तापतात आणि झिजतात, हा दुसरा धडा. त्याकडे आपण घाटात पुन्हा येऊ.

दातांची भांडणे

फ्रान्समधील एमिल लव्हासॉर याने १८९१ च्या सुमारास मोटारीची जी मांडणी केली, ती पुढे जगभर रूढ झाली. इंजिन पुढे, त्यामागे क्लच, त्यामागे गियरबॉक्स आणि ओढ मागच्या चाकांना. त्याच्या गियरबॉक्समध्ये दंतचक्रे दांड्यावर पुढे-मागे सरकवून एकमेकांत घुसवली जात. ‘हे रानटी आहे, पण चालते’, अशा अर्थाचे उद्गार त्याच्या नावावर सांगितले जातात. त्यात रानटी काय होते, हे एका उदाहरणाने समजेल.

गियरबॉक्सकडे दोन टोके असलेली पेटी म्हणून पाहू. एका टोकाला क्लचमार्गे इंजिनाकडून येणारा दांडा, दुसऱ्या टोकाला चाकांकडे जाणारा दांडा. समजा, तिसऱ्या गियरमध्ये येणारा दांडा जाणाऱ्या दांड्याच्या १.६ पट वेगाने फिरतो आणि दुसऱ्या गियरमध्ये २.४ पट. गाडी अशा वेगाने चालली आहे, की जाणारा दांडा मिनिटाला १५०० फेरे घेतो. तिसऱ्या गियरमध्ये येणाऱ्या दांड्याचे फेरे झाले २४००. आता दुसरा गियर टाकायचा आहे. गाडीचा वेग एका क्षणात बदलत नाही, म्हणून जाणारा दांडा १५०० वरच आहे. पण दुसऱ्या गियरसाठी येणाऱ्या दांड्याला ३६०० फेरे हवेत. म्हणजे गियर बदलण्याच्या अर्ध्या क्षणात १२०० फेऱ्यांचा फरक भरून निघाला पाहिजे. तो न भरता दात दातांत घुसवले तर ते एकमेकांवर आपटतात. हीच ती खरखर.

नुसता क्लच दाबून हा फरक भरत नाही. क्लच दाबल्यावर येणारा दांडा इंजिनापासून सुटतो, आणि मग त्याचा वेग वाढवायला कोणी उरत नाही. म्हणून चालकांनी एक युक्ती शोधली. क्लच दाबून गियर न्यूट्रलमध्ये आणायचा. क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन आणि येणारा दांडा पुन्हा जोडले जातात. अ‍ॅक्सिलरेटर किंचित दाबून दोघांचा वेग वाढवायचा. मग पुन्हा क्लच दाबून दुसरा गियर टाकायचा. क्लच दोनदा दाबला जातो म्हणून हा ‘डबल क्लच’. वरचा गियर टाकताना उलट करायचे, न्यूट्रलमध्ये क्लच सोडून क्षणभर थांबायचे, म्हणजे इंजिनाबरोबर दांड्याचे फेरे उतरतात.

अ‍ॅक्सिलरेटर नेमका किती दाबायचा, हे कोणत्याही तक्त्यात लिहिलेले नसे. चालक ते कानाने ठरवी. आपण १५०० ला २.४ ने गुणतो, तो आवाज ऐकून तेच उत्तर काढी. जुन्या ट्रकवर क्लीनर म्हणून लागलेला पोरगा चालकाशेजारी बसून वर्षानुवर्षे हे ऐकत असे आणि मगच त्याच्या हाती गाडी येत असे. त्या शिक्षणात आकडे नव्हते, पण गणित होते.

पितळेची कडी

हे काम यंत्राकडेच सोपवता येईल, असे अमेरिकेतील अर्ल थॉम्प्सन या अभियंत्याला वाटले. त्याची सिंक्रोमेश ही रचना १९२८ साली जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक गाडीत आली. त्याच वर्षी याच कंपनीने मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती.

सिंक्रोमेशची कल्पना क्लचसारखीच आहे. दात दातांत जाण्याआधी दोन शंकूच्या आकाराचे पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात. घर्षणामुळे मंद भाग वेग घेतो, वेगवान भाग मंदावतो आणि दोघांचा वेग सारखा होतो. मग दात बिनबोभाट जुळतात. पुढे या रचनेत एका कडीची भर पडली. ती बहुधा पितळी मिश्रधातूची असते. वेग सारखे होईपर्यंत ती दातांची वाट अडवून धरते. गियर टाकताना दांडा क्षणभर अडतो आणि मग मऊपणे आत जातो, तो क्षण या कडीचा असतो. दांडा जोराने हिसडला तर कडीला काम करायला वेळ मिळत नाही आणि ती लवकर झिजते. ‘गियर दोन बोटांनी टाका’ या सल्ल्याचे कारण हेच.

मात्र सुरुवातीची अनेक दशके बहुतेक साध्या गाड्यांत ही सोय फक्त वरच्या गियरना असे. पहिला गियर उभी गाडी हलवण्यापुरता, असा समज होता. शिवाय दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना वेगातली उडी सर्वांत मोठी, म्हणून तिथे शंकूला कामही सर्वांत जास्त. खर्च वाचवायचा तर तो इथेच वाचे. अशा गाडीत पहिला गियर हलत्या गाडीला टाकायचा तर डबल क्लच सफाईने मारता आला पाहिजे. तो येत नसेल, तर गाडी थांबवावी. गाडी उभी असली की जाणाऱ्या दांड्याचे फेरे शून्य असतात. क्लच दाबून दोन क्षण थांबले की येणाराही थांबतो. शून्य आणि शून्य जुळवायला कौशल्य लागत नाही.

काकांच्या पहिल्या नियमाचे कारण असे सापडते. पण १९९८ साली तो नियम लागू कसा होता, याचे कारण यंत्रशास्त्रात नाही. ते आपल्या इतिहासात आहे.

सोलापूरचे वालचंद आणि कुर्ल्याची गाडी

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचे कंत्राट घेऊन त्यांनी स्वतंत्र व्यवसायाला सुरुवात केली. पुढे जहाजे, विमाने आणि मोटारी हे तीनही उद्योग देशात उभे करण्याचा त्यांनी ध्यास घेतला. मोटारींसाठी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी बोलणी करूनही, दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला परकीय सरकारचा पाठिंबा त्यांना मिळाला नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यानंतर कंपनीने इटलीच्या फियाटशी करार केला. १९५३ साली वालचंद गेले. १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची फियाट ११०० ही गाडी त्यानंतर, १९५४ च्या सुमारास, कुर्ल्यात तयार होऊ लागली.

या गाडीला चार गियर होते, दांडा स्टिअरिंगच्या खांबावर होता आणि सिंक्रोमेश वरच्या तीन गियरना होता. तिच्या काळाला ते शोभणारेच होते. जगात पुढे काय झाले ते पाहा. फोक्सवागनच्या बीटलला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीसच, आणि ब्रिटनच्या मिनीला १९६८ साली, पहिल्या गियरसह सर्व गियरना सिंक्रोमेश मिळाला. आपल्याकडे मात्र गाड्यांचे उत्पादन परवान्यांनी बांधलेले होते, आयात जवळपास बंद होती आणि गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे. जे बनेल ते खपणारच, तर आराखडा बदलायची निकड कोणाला? फियाटची आधी प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली, चेहऱ्यात फेरफार झाले, पण खांबावरच्या दांड्याची मूळ गियरबॉक्स अनेक वर्षे तशीच राहिली. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेल्या अँबॅसेडरचीही तीच गोष्ट.

म्हणून १९५० च्या दशकातल्या इटालियन गाडीला साजेशी सवय सोलापुरातला मुलगा १९९८ साली शिकत होता. त्या वेळी, डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० सर्वत्र दिसू लागली होती. तिच्या चारही पुढच्या गियरना सिंक्रोमेश होता. पण शिकवणारे जुन्या गाड्यांवर शिकलेले होते. त्यामुळे नियम एका गाडीतून दुसऱ्या गाडीत चढला, कारण मात्र जुन्या गाडीतच राहिले. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीही गेल्या. सवय अजून आहे. ती निरुपद्रवी आहे, आणि रिव्हर्स गियरच्या बाबतीत तर योग्यही आहे. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश नसतो. शिवाय तिथे चाकांची दिशाच उलटायची असते. म्हणून गाडी थांबवूनच रिव्हर्स टाकावा.

घाटाचा हिशेब

तिसऱ्या नियमाची कथा वेगळी आहे. सोलापूरहून तुळजापूरला जाताना गावाआधी घाट लागतो. तो चढताना इंजिन कुरकुरते, म्हणून खालचा गियर टाकावाच लागतो. उतरताना मात्र गाडी आपोआप पळते, मग खालचा गियर कशाला, असे नवशिक्याला वाटते.

हिशेब करू. एक हजार किलो वस्तुमानाची मोटार १०० मीटर उंची उतरली तर तिची स्थितिज ऊर्जा १००० × ९.८ × १००, म्हणजे ९ लाख ८० हजार ज्यूलने कमी होते. वेग वाढू द्यायचा नसेल तर ही सारी ऊर्जा कुठेतरी गेली पाहिजे. फक्त ब्रेक वापरले, तर हवेच्या विरोधाचा छोटा वाटा सोडता ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. २५ अंशांचे एक लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे ३ लाख १५ हजार ज्यूल लागतात. म्हणजे १०० मीटर उतरताना ब्रेकमध्ये तीन लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता तयार होते. सोळा टनांच्या भरलेल्या ट्रकसाठी हेच पाणी पन्नास लिटर होईल, आणि घाट ३०० मीटरचा असेल तर दीडशे लिटर. तापलेल्या ब्रेकची पकड कमी होते. ब्रेकच्या नळ्यांतले तेल उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, दाब पुढे पोचत नाही, आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही.

खालच्या गियरमध्ये चाकेच इंजिनाला फिरवतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असल्याने पेट्रोल इंजिनात हवेची वाट जवळजवळ बंद असते आणि दट्ट्यांना त्या ओढीविरुद्ध काम करावे लागते. शिवाय इंजिनातले घर्षण असते. ऊर्जेचा मोठा हिस्सा असा इंजिनात खर्च होतो आणि रेडिएटर व धुरांड्यावाटे बाहेर पडतो. ब्रेक थंड राहतात आणि गरज पडेल तेव्हा कामाला येतात. ट्रकला गियर उतार सुरू होण्याआधीच टाकावा लागतो, याचे कारण आपण पाहिलेच आहे. गाडी वेगात असताना डबल क्लच चुकला तर ती ना वरच्या गियरमध्ये असते ना खालच्यात, आणि उतार तिला थांबू देत नाही.

सोलापूर जिल्ह्यात गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आपण पाहतो. मागचे वजन ट्रॅक्टरच्या कितीतरी पट असते. अनेक ट्रॅक्टरमध्ये चालताना गियर बदलता येत नाही. अशा वेळी उतारावर गियर काढला, तर तो परत टाकण्याची संधी मिळेलच असे नाही. घाटाचा नियम लव्हासॉरच्या गियरबॉक्सवर अवलंबून नव्हता, सिंक्रोमेशवरही नव्हता. तो ऊर्जेच्या अक्षय्यतेवर अवलंबून आहे. म्हणून तो जुना झाला नाही.

उलटी झालेली सवय

राहिली चौथी गोष्ट, न्यूट्रलची. काकांचे म्हणणे त्यांच्या गाडीपुरते अगदी खोटे नव्हते. कार्ब्युरेटरच्या इंजिनात अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी मंद चालीसाठीच्या बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जातच राहते, आणि गियरमध्ये फेरे जास्त असल्याने ते थोडे जास्तच ओढले जाते. न्यूट्रलमध्ये इंजिन मंद चालीवर येई आणि थेंबभर पेट्रोल वाचे. त्याची किंमत मात्र ब्रेक चुकवत.

२००० नंतर आपल्याकडच्या पेट्रोल गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या इंधन-फवारणीने घेतली. गाडी गियरमध्ये आहे, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडला आहे आणि इंजिनाचे फेरे ठरावीक मर्यादेच्या वर आहेत, असे दिसताच ही यंत्रणा पेट्रोल पूर्ण बंद करते. चाके इंजिनाला फिरवतच असतात, त्याला पेट्रोलची गरज नसते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडू नये म्हणून तिला पेट्रोल द्यावे लागते. अगदी सौम्य उतारावर न्यूट्रलमधली गाडी जरा लांब जाईल, हे खरे. पण जिथे ब्रेक लावावाच लागतो अशा घाटात गियर काढणारा आज पेट्रोल खर्च करतो आणि ब्रेकही तापवतो. सवय तीच राहिली, पण तिच्यातला फायदा नाहीसा झाला आणि धोका तेवढा उरला.

चार नियम आणि वर्ग

काकांच्या चार गोष्टींचे निकाल असे चार प्रकारचे लागले. पहिली सवय अनावश्यक झाली, पण तिने नुकसान होत नाही. दुसरी, डबल क्लचची, मोटारींतून जवळजवळ गेली. तिसरी पूर्वीइतकीच खरी आहे. चौथी उलटून तोट्याची झाली. शिकताना या चारही गोष्टी मला एकाच सुरात, एकाच खात्रीने मिळाल्या होत्या. कोणती टिकेल आणि कोणती जाईल, हे ओळखण्याची खूण त्यांच्यावर नव्हती. ती खूण कारणात असते.

आता गियरही जात आहेत. थॉम्प्सनच्याच पुढाकाराने तयार झालेली हायड्रामॅटिक ही स्वयंचलित गियरबॉक्स १९३९ सालीच अमेरिकेत विक्रीला आली होती. २०१४ पासून भारतातल्या लहान गाड्यांतही क्लच आणि गियर हलवणारी यंत्रणा मिळू लागली. विजेच्या मोटारीला तर वाफेच्या इंजिनाप्रमाणे शून्य वेगापासून ओढ मिळते, म्हणून तिला बहुधा बदलते गियरच नसतात. पण घाट तिलाही उतरावा लागतो. उतरताना तिची मोटर जनित्र बनते आणि ती ऊर्जा बॅटरीत साठते. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर मात्र ऊर्जेला तिथे जागा नसते, आणि ब्रेकवर भार येतो. काकांचा तिसरा नियम जाणणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

आपल्या वर्गात ट्रॅक्टर, रिक्षा, टमटम, एसटी चालवणाऱ्यांची मुले असतात. त्यांना घरून एकेक नियम विचारून आणायला सांगावे. फळ्यावर ते लिहून प्रत्येकासमोर कारण शोधावे. ज्याचे कारण सापडते तो ठेवावा, ज्याचे कारण गेले आहे तो का गेला हे पाहावे. आपण स्वतः फळ्यावर कारणाविना लिहीत आलेले नियमही मग त्या यादीत घालायला हरकत नाही.